पावलांचा आवाज नेमका कुठून आला हे कळण्यासाठी कोणता हेडफोन घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहता, संगणकावर वॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ हे गोळीबाराचे खेळ खेळता, समोरच्या खेळाडूची पावले ऐकू येतात पण तो डावीकडून येतोय की मागून याचा अंदाज चुकतो, आणि हातात साधारण सहा हजार रुपये आहेत. दुकानदार दिवे लागणारा ७.१ सराउंडचा, म्हणजे भोवती आठ स्पीकर असल्याचा भास देणारा हेडसेट दाखवतो, तर मित्र म्हणतो की सरळ स्टुडिओतला हेडफोन घे. माझे मत मित्राच्या बाजूचे आहे. मात्र कोणता स्टुडिओ हेडफोन, हे तुमची खोली किती शांत आहे यावर ठरेल, आणि खरेदीपूर्वी एक फुकटचे काम आधी करावे लागेल.

ते काम समजण्यासाठी कान दिशा कशी ओळखतो हे पाहणे आवश्यक आहे. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानापर्यंत जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि मध्ये डोके आडवे आल्यामुळे थोडा क्षीणही होतो. खालच्या पट्टीतल्या आवाजांसाठी मेंदू मुख्यतः या वेळेच्या फरकावर आणि वरच्या पट्टीसाठी तीव्रतेच्या फरकावर विसंबतो. डावे-उजवे एवढ्यावर निभावते. पण पुढून आलेला आवाज आणि मागून आलेला आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी पोहोचतात. तिथे कानाच्या बाहेरच्या भागाचा आकार, त्याच्या घड्या आणि खांदे आवाजात जे बारीक बदल करतात, त्यांवरूनच फरक कळतो. हेडफोन लावला की आवाज थेट कानाजवळच निर्माण होतो, त्यामुळे हे नैसर्गिक बदल बरेचसे हरवतात. ते गणिताने पुन्हा घालण्याच्या पद्धतीला एचआरटीएफ म्हणतात. वॅलोरंटमध्ये तिचा पर्याय ऑडिओच्या सेटिंगमध्ये मिळतो आणि काउंटर-स्ट्राइक २ मध्येही आवाजाची मांडणी याच तत्त्वावर होते.

आता ७.१ कडे वळू. त्या हेडसेटमध्ये आठ स्पीकर नसतात. बहुतेक सगळ्यांत प्रत्येक कानाला एकच ड्रायव्हर, म्हणजे आवाज निर्माण करणारा भाग असतो. गेमचा आवाज आधी खोलीत ठेवलेल्या काल्पनिक स्पीकरांमध्ये वाटला जातो आणि मग सॉफ्टवेअर तो पुन्हा दोन कानांत बसवते. गेमला मात्र समोरचा खेळाडू कोणत्या कोनात उभा आहे हे अचूक माहीत असते, कारण तो तिनेच तिथे उभा केलेला असतो. मग ही माहिती ठरावीक स्पीकरांच्या जागांतून गाळून का घ्यायची? त्याहून वाईट म्हणजे गेममधले एचआरटीएफ आणि हेडसेटचे ७.१ ही दोन्ही चालू राहिली तर एकाच आवाजावर दोनदा प्रक्रिया होते आणि दिशा धूसर होते. तुमचा अंदाज चुकण्याचे कारण हेच असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते. म्हणून आधी विंडोज सोनिक, डॉल्बी अॅटमॉस, हेडसेटच्या सॉफ्टवेअरमधले सराउंड असे जे काही चालू असेल ते बंद करा, विंडोजमध्ये आउटपुट स्टिरिओ ठेवा आणि वॅलोरंटमध्ये एचआरटीएफ चालू करा. मग कस्टम सामना उघडून मित्राला तुमच्याभोवती फिरायला सांगा आणि डोळे मिटून तो कुठे आहे ते बोट दाखवून ओळखा. पाठीमागचा आवाज ओळखायला कानाला काही दिवसांची सवय लागते, त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी निष्कर्ष काढू नका.

एवढे करूनही नवीन हेडफोन घ्यावासा वाटला तर पहिली गोष्ट बासची, म्हणजे खालच्या पट्टीतल्या आवाजाची. आपल्या कोल्हापुरात गणपतीच्या मिरवणुकीतल्या डॉल्बीने छातीत धडधडणारा आवाज म्हणजेच चांगला आवाज असे अनेकांच्या मनावर ठसवले आहे, आणि गेमिंग हेडसेट विकणाऱ्यांना ते पथ्यावरच पडते. स्पर्धेच्या खेळात मात्र हा बास नडतो. खालच्या पट्टीतला मोठा आवाज त्याच्या वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजांना झाकून टाकतो, हा श्रवणशास्त्रातला जुना आणि पक्का नियम आहे. त्यामुळे स्फोटाच्या गडगडाटात पायाखालची खडी किंवा बंदुकीत गोळ्या भरल्याची खटखट बुडून जाते. ज्या हेडफोनमध्ये बास मर्यादित आणि मधली व वरची पट्टी स्वच्छ असते तो हेडफोन गाण्यांसाठी कोरडा वाटला तरी सामन्यात उपयोगी पडतो. खोक्यावर लिहिलेल्या ५० मिलिमीटर ड्रायव्हरचा याच्याशी काही संबंध नाही. ड्रायव्हर मोठा म्हणजे आवाज अचूक, असे समीकरण नसते.

आता खोलीचा मुद्दा, आणि तोच मला निर्णायक वाटतो. ओपन-बॅक, म्हणजे उघड्या पाठीच्या हेडफोनच्या मागच्या जाळीतून हवा खेळती राहते, आवाज डोक्याबाहेर पसरल्यासारखा वाटतो आणि अंतराचा अंदाज चांगला येतो; म्हणूनच जाणकार खेळाडू सेनहायझर एचडी ५६०एस सारखे हेडफोन सुचवतात. हा हेडफोन तुमच्या रकमेच्या बराच पुढे जातो, पण पैशांचा प्रश्न नसता तरी मंगळवार पेठेतल्या घरासाठी मी तो सुचवला नसता. डोक्यावर पूर्ण वेगात फिरणारा पंखा, खिडकीखालून जाणाऱ्या रिक्षा आणि जुलैमध्ये शेजारच्या पत्र्यावर कोसळणारा पाऊस हे सगळे त्याच जाळीतून आत येते, आणि जी बारीक पावले ऐकण्यासाठी एवढा खर्च करायचा तीच आधी बुडतात. शिवाय तुमच्या गेममधला गोळीबार रात्री एक वाजता घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल तो वेगळाच. मित्राच्या सल्ल्याला माझी हरकत एवढ्यापुरतीच आहे: तुम्हाला बंद पाठीचा हेडफोन किंवा कानात बसणारा इन-इअर घ्यायला हवा.

सहा हजारांत माझी पहिली पसंती इन-इअरला आहे. हा कंजूसपणा नव्हे. काउंटर-स्ट्राइकच्या मोठ्या प्रत्यक्ष स्पर्धांमध्ये व्यावसायिक खेळाडू गेमचा आवाज इन-इअरमधूनच ऐकतात आणि त्यावर मोठा हेडसेट चढवतात, तो प्रेक्षकांचा गलका अडवण्यासाठी व बोलण्यासाठी असतो. मूनड्रॉप चू २ किंवा सेव्हन-हर्ट्झ झीरो या जातीचे तारेचे इन-इअर तुमच्या रकमेच्या निम्म्याहूनही कमीत मिळतात आणि त्यांच्या दुप्पट-तिप्पट किमतीच्या गेमिंग हेडसेटपेक्षा आवाज स्वच्छ देतात. अट एकच, ती म्हणजे कानात नीट बसण्याची. सोबत मिळणाऱ्या रबरी टोप्यांचे लहान, मध्यम, मोठे असे आकार दोन्ही कानांत वेगवेगळे लावून पाहा, कारण दोन्ही कान सारखे असतीलच असे नाही. बोटाने हलकेच आत दाबल्यावर बास एकदम वाढला तर समजा की तुमची टोपी सैल बसते आहे. एका बाजूची टोपी सैल राहिली तर दोन्ही कानांतला समतोल बिघडतो आणि डावे-उजवे ओळखण्याची मूळ खूणच खोटी ठरते.

कानात काही घालणे सहन होत नसेल तर ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स हा साधा, बंद पाठीचा हेडफोन पाहा. माईक जोडलेलाच हवा असेल तर हायपरएक्स क्लाउड मालिकेतले हेडसेट प्रामाणिक आहेत. क्लाउड २ च्या यूएसबी डबीवर ७.१ चे बटण आहे, ते बंदच ठेवा. इम्पिडन्सचा, म्हणजे ओहममध्ये मोजल्या जाणाऱ्या विद्युत अडथळ्याचा, फार बाऊ करू नका. या सगळ्यांना संगणकाचा नेहमीचा जॅक पुरतो. बायरडायनॅमिकच्या डीटी ९९० प्रोच्या २५० ओहमच्या आवृत्तीसारखे काही घेतले तरच वेगळा अॅम्प्लिफायर लागतो.

इन-इअर घेतला की माईकचा प्रश्न उरतो, आणि तो हजाराच्या आसपास सुटतो. बोया बीवाय-एम१ हा शर्टाला लावायचा कॉलर माईक संघाशी बोलायला पुरेसा आहे, फक्त त्याची सहा मीटर लांब तार गुंडाळून ठेवावी लागते. मात्र जॅक पाहून घ्या. या माईकच्या पिनेवर तीन काळ्या रेघा दिसतील, म्हणजे तिचे चार भाग आहेत आणि ती मोबाईलसाठी बनवलेली आहे. डेस्कटॉपला मात्र हिरवा हेडफोनचा आणि गुलाबी माईकचा असे दोन वेगळे जॅक असतात. ही पिन थेट गुलाबी जॅकमध्ये घातली तर बहुधा आवाजच जाणार नाही. मध्ये माईक आणि हेडफोनच्या पिना वेगळ्या करणारा लहानसा स्प्लिटर लागतो, तो माईकसोबतच मागून घ्या. कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमधून सतत घुंऽऽ असा आवाज येत असेल तर दोष हेडफोनला देऊ नका; आतली तार ग्राफिक्स कार्डाजवळून गेलेली असते किंवा घराचे अर्थिंग कच्चे असते. आधी मागच्या जॅकला लावून पाहा, तरीही आवाज राहिला तर साधे यूएसबी साउंड कार्ड घ्या आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या.

वायरलेसबद्दल थोडक्यात. साध्या ब्लूटूथला आवाज पोहोचवायला दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद सहज लागतात, आणि जिथे ६० फ्रेमच्या पडद्यावर एक फ्रेम सतरा मिलिसेकंदांहून कमी वेळ टिकते तिथे हा उशीर परवडत नाही. त्यातच ब्लूटूथवर माईक चालू केला की ऐकू येणारा आवाजही बहुधा फोनवरच्या बोलण्याच्या दर्जाचा आणि एकाच वाहिनीचा होतो, म्हणजे दिशाच संपते. यूएसबी डोंगल असलेला २.४ गिगाहर्ट्झचा वायरलेस चालतो, पण सहा हजारांत त्याच्यासाठी आवाजाच्या दर्जाशी तडजोड करावी लागेल. कधी मोबाईलवर बीजीएमआय खेळत असाल तर टाइप-सी डोंगल लावून हाच तारेचा इन-इअर वापरता येईल.

विंडोजमधले लाउडनेस इक्वलायझेशन चालू करा असा सल्ला तुम्हाला अनेक जण देतील. त्याने बारीक आवाज मोठे होतात हे खरे, परंतु दूरची पावले आणि जवळची पावले जवळपास सारखीच ऐकू येऊ लागतात आणि अंतराचा अंदाज जातो. मी ते बंद ठेवतो आणि त्याऐवजी इक्वलायझर एपीओ या मोफत सॉफ्टवेअरमधून बास थोडा उतरवतो. पावले ऐकण्यासाठी आवाज चढवत नेण्याची सवय मात्र कानाला महागात पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित धरला जातो आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ८६ डेसिबलवर ती दहाच तासांची उरते, आणि तेवढे तर तुमचे शनिवार-रविवारचेच खेळणे असेल. म्हणूनही बाहेरचा आवाज अडवणारा हेडफोन तुमच्या घराला योग्य, कारण त्यात कमी आवाजावर भागते.

डोक्यावरचा हेडफोन घ्यायचे ठरले तर राजारामपुरीतल्या दुकानात तो डोक्यावर चढवून निदान पंधरा मिनिटे तसेच उभे राहा. चष्मा असेल तर तो घालूनच पाहा, कारण काडीमुळे कुशन आणि कानशील यांत फट राहते, बास गळतो आणि तासाभराने कानामागे दुखू लागते. रेक्झिनसारखे कुशन घामाने आणि आपल्याकडच्या पावसाळी दमटपणाने वर्ष-दोन वर्षांत सोलपटते, त्यामुळे त्या मॉडेलचे बदली कुशन मिळते का हे तिथेच विचारा. काहीही न वाजवता आवाज पूर्ण वाढवा आणि सरसर ऐकू येते का ते पाहा. बिलावर मॉडेलचे पूर्ण नाव आणि अनुक्रमांक लिहून घ्या, आणि वॉरंटी दुकानाची आहे की कंपनीची हे पैसे देण्याआधी स्पष्ट करून घ्या. बाहेरून आणलेल्या मालावर कंपनीचे भारतातले सेवा केंद्र बहुधा हात वर करते.