हिशेबाचा संगणक आणि त्याची प्रत

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. जीएसटीची बिले एकाच संगणकावर असून त्यांची प्रत त्यालाच कायम जोडलेल्या हार्ड डिस्कवर असते. एवढे पुरेसे आहे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा घातक प्रोग्रॅम) संगणकात शिरले की जोडलेल्या डिस्कवरील फायलीही निकामी करू शकते. म्हणून प्रत घेऊन झाल्यावर डिस्क काढून ठेवावी, दुसरी प्रत कारखान्याबाहेर असावी आणि अधूनमधून तिच्यातील एखादी फाइल उघडून पाहावी, कारण न तपासलेल्या प्रतीवर माझा तरी भरवसा नाही. विंडोज १० वापरत असाल, तर मायक्रोसॉफ्टने त्याची नियमित सुरक्षा अद्ययावतने (अपडेट्स) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली आहेत, त्यामुळे हा धोका वाढतो. सुताचे बिल म्हणून अनोळखी ईमेलवरून आलेली फाइल उघडण्यापूर्वी व्यापाऱ्याला फोन करावा. फसवणुकीत पैसे गेलेच, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे.