पितळी तारेच्या कारखान्यात मुलाला पाठवावं का?

प्रश्न: मुलाचं आयटीआय फिटरचं दुसरं वर्ष संपत आलंय. कुपवाड एमआयडीसीतला पितळी तार काढणारा एक कारखाना अप्रेंटिस म्हणून घ्यायला तयार आहे. मेव्हणे म्हणतात, "तार मशीन ओढतं, पोरगं नुसतं उभं राहणार." पुण्यातल्या मोठ्या कंपनीसाठी वर्षभर थांबवू का? – एक पालक, तासगाव

उत्तर: थांबवू नका. घरी बसून घालवलेल्या वर्षाचा खुलासा पुढे प्रत्येक मुलाखतीत द्यावा लागतो.

मेव्हण्यांचं अर्धं खरं आहे. तार मशीनच ओढतं. पण 8 मिलिमीटरची पितळी सळी 2 मिलिमीटरवर आणायची, तर क्षेत्रफळ सोळाव्या हिश्शावर येतं आणि एका मीटरचे सोळा मीटर होतात. हे एका दमात होत नाही. तार बारीक करायला ती डायमधून, म्हणजे बारीक भोकाच्या कठीण साच्यातून, ओढतात; दर डायला 20 टक्के क्षेत्रफळ कमी केलं तर बारा-तेरा डाय लागतात. प्रत्येक डायनंतर तार लांबते, म्हणून पुढचा कॅपस्टन, म्हणजे तार ओढणारा फिरता ड्रम, मागच्यापेक्षा जोरात फिरावा लागतो. हा मेळ चुकला की तार तुटते. मग टोक पुन्हा बारीक करा, एकेका डायमधून ओवा, वेढे द्या. तेवढा वेळ उत्पादन बंद.

तुटलेलं टोक भंगारात टाकायच्या आधी जो निरखून पाहतो, तो कारागीर. तुटलेल्या दोन टोकांपैकी एकावर वाटीसारखा खळगा दिसला, तर तार आतून फाटत आलेली असते. डायचा कोन किंवा मुळातली ओतीव सळी तपासायची. अंगावर लांबच लांब ओरखडा असेल तर डाय झिजली किंवा इमल्शनमध्ये, म्हणजे तारेवर सोडायच्या तेल-पाण्याच्या मिश्रणात, कचरा आहे. जाड तारेला टंगस्टन कार्बाइडच्या डाय, बारीक तारेला हिऱ्याच्या. त्या घासून पॉलिश करणं हे फिटरच्या हाताला शोभणारं काम आहे, आणि ते जमणारी माणसं सहज मिळत नाहीत.

दुसरी विद्या भट्टीची. पितळ ओढत गेलं की कडक होतं, म्हणून मध्येच साधारण 450 ते 600 अंश सेल्सिअसला तापवून नरम करतात. कमी तापलं तर पुढच्या डायला तुटतं. जास्त तापलं तर धातूतले कण मोठे होतात आणि तार वाकवल्यावर अंग खडबडीत दिसतं. ओढकामाचा ताण आत राहिला आणि अमोनियाची वाफ लागली, तर पितळ आपोआप तडकतं. ब्रिटिश काळात तबेल्याजवळ, जिथे घोड्यांच्या मूत्रातून अमोनिया निघतो, ठेवलेली पितळी काडतुसं पावसाळ्यात अशीच तडकत.

या मालाला गिऱ्हाईकही एका जातीचं नाही. मिरजेच्या तानपुऱ्याला खर्जाची तार पितळेची लागते, आणि टूलरूममधल्या वायरकट मशीनवर (विजेच्या ठिणग्यांनी धातू कापणारं मशीन) 0.25 मिलिमीटरची पितळी तारच कापायचं काम करते. म्हणजे इथे शिकलेलं त्या एकाच कारखान्यापुरतं राहत नाही.

तरीही डोळे झाकून हो म्हणू नका. डाय-रूम आणि भट्टीवर किती महिने ठेवणार, हे आधी विचारा. वर्षभर बॉबिन (तार गुंडाळायची रिळं) उचलायला लावणार असतील तर मेव्हण्यांचं म्हणणं खरं ठरेल. अप्रेंटिसशिपची सरकारी पोर्टलवर नोंदणी होणार का, तेही विचारा. नोंदणी नसेल तर शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळत नाही, कंपनीच्या दाखल्यावर भागवावं लागतं. फिरत्या कॅपस्टनला गार्ड आहे का, तार तुटल्यावर मशीन आपोआप थांबतं का, हे मुलाने स्वतः शॉपवर जाऊन बघावं. सैल बाही तिथे चालत नाही.

पुढे शिकायचं असेल तर दहावीनंतरच्या दोन वर्षांच्या आयटीआयवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आणि शासकीय तंत्रनिकेतन मिरजेतच आहे. गणित मात्र आतापासून हातात ठेवायला सांगा. आयटीआयची मुलं तिथे गणितातच अडकतात.

कारखान्यात भेटायला त्याला एकट्यालाच पाठवा. तुम्ही बरोबर जाऊ नका, आणि मेव्हण्यांना तर अजिबात पाठवू नका.