नीटचा क्लास लावलाय, पण तिला एंझाइमवर काम करायचंय

कराडहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी अकरावीत, पीसीबी घेतलेलं, गणित सोडलेलं, नीटच्या क्लासची दोन वर्षांची फी भरून झालेली. दिवाळीत तिच्या मामाला गाडी चालवताना फिट आली, तपासणीत मेंदूत गाठ निघाली आणि मुंबईत ऑपरेशन झालं. रिपोर्टवर ‘ॲस्ट्रोसायटोमा, आयडीएच म्युटंट’ असं लिहिलेलं होतं, म्हणजे मेंदूच्या गाठीचा एक प्रकार, ज्यात आयडीएच नावाचं एंझाइम बदललेलं असतं. मुलीने त्याचा अर्थ शोधायला घेतला आणि आता म्हणते, ‘मला डॉक्टर नाही व्हायचं, त्या एंझाइमवर काम करायचंय.’ आई विचारतात, यात पोट भरतं का? की पोरीने मामाच्या आजारपणाचा धसका घेतलाय?

ताई, आधी धसक्याचं बोलू. रिपोर्टमधला हा बदल जवळजवळ नेहमीच फक्त गाठीच्या पेशींत झालेला असतो, तो घराण्यातून उतरत नाही. सोळा वर्षांच्या मुलीच्या मनात ‘मलाही होईल का’ हा प्रश्न असू शकतो आणि ती तो तुम्हाला विचारणार नाही. पुढच्या तपासणीला तिला सोबत न्या आणि डॉक्टरांना तिच्यासमोरच विचारा.

आता तिला कशाने झपाटलंय ते तुम्हालाही कळावं, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो. एंझाइम म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं विकर. मटण लवकर शिजावं म्हणून आपण कच्च्या पपईचा तुकडा टाकतो. त्या पपईतलं विकर मटणातली प्रथिनं तोडतं. मेंदूतल्या काही गाठीही अशी प्रथिनं तोडणारी विकरं बाहेर सोडतात आणि पेशींभोवतीची भर पोखरत आजूबाजूच्या निरोगी भागात शिरतात. गाठीची कड नेमकी कुठे संपते हे सर्जनला सापडत नाही, त्यामागचं हे एक कारण.

मामांच्या रिपोर्टमधल्या आयडीएचची गोष्ट निराळी आहे, आणि माझ्या मते जास्त थक्क करणारी. आयडीएच-1 हे 414 अमिनो आम्लांची साखळी असलेलं विकर. पेशीतल्या आयसोसिट्रेट या छोट्या रेणूपासून अल्फा-कीटोग्लुटारेट हा दुसरा रेणू बनवायचा, हे त्याचं रोजचं काम. बहुतेक रुग्णांत या साखळीतलं 132 व्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं: आर्जिनिनच्या जागी हिस्टिडिन. एवढ्यावर विकराचा धंदाच बदलतो. ते अल्फा-कीटोग्लुटारेट उचलतं आणि त्याचं 2-हायड्रॉक्सीग्लुटारेट बनवायला लागतं. हा नवा रेणू दिसायला जुन्यासारखाच असल्यामुळे तो इतर विकरांत त्याच्या जागी जाऊन बसतो आणि त्यांचं काम अडवतो. अडलेल्यांपैकी काही विकरं डीएनएवरच्या मिथाइल खुणा, म्हणजे जनुकं बंद ठेवणाऱ्या रासायनिक खुणा, पुसणारी असतात. खुणा साचत जातात, जनुकं बंद राहतात, पेशी जाणती, म्हणजे पक्व, होत नाही आणि विभागत राहते.

हा बदल मेंदूच्या गाठींत पहिल्यांदा 2008 मध्ये सापडला. विकराचा धंदा बदलल्याचं 2009 मध्ये कळलं. या बिघडलेल्या विकराला रोखणारी व्होरासिडेनिब ही गोळी अमेरिकेत ऑगस्ट 2024 मध्ये मंजूर झाली, ऑपरेशन झालेल्या दुसऱ्या श्रेणीच्या, म्हणजे हळू वाढणाऱ्या, गाठींसाठी. 331 रुग्णांवरच्या चाचणीत गाठ पुन्हा वाढायला किंवा रुग्ण दगावायला लागलेला मध्यक काळ गोळी घेणाऱ्यांत 27.7 महिने होता आणि न घेणाऱ्यांत 11.1 महिने. गोळीने गाठ बरी होत नाही, थोपवली जाते. मामांना ती चालेल का, हे त्यांचे डॉक्टरच सांगतील. मी सांगतोय ते वेगळ्या कारणासाठी: शोधापासून गोळीपर्यंत 16 वर्षं गेली. तुमच्या मुलीचं आजचं वय तेवढं आहे.

मी स्वतः बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं, पुढे मार्गदर्शनाकडे वळलो. त्या वर्षांतली थर्माकोलची पेटी अजून आठवते: बर्फात रुतवलेल्या इवल्या नळ्या, त्यात तीन आठवडे खपून शुद्ध केलेलं विकर. एका रात्री वीज गेली, फ्रीज बंद पडला आणि सकाळी सगळं मेलेलं. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आयडीएचची चाचणीही अशीच बारीक असते. स्पेक्ट्रोफोटोमीटर म्हणजे द्रावणाने किती प्रकाश शोषला ते मोजणारं यंत्र; त्यात 340 नॅनोमीटरच्या प्रकाशावर आकडा बघत बसायचं. विकर सरळ असेल तर एनएडीपीएच हा प्रकाश शोषणारा मदतनीस रेणू तयार होतो आणि आकडा चढतो. बदललेलं असेल तर तो रेणू खर्च होतो आणि आकडा उतरतो. दिवसभरात असे शेकडो आकडे. ज्याला ते बघताना भूक-तहान आठवत नाही, त्याने या वाटेला जावं.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी मुलीकडूनच काढून घेतलं असतं. तिला विचारा, समजा मामा ठणठणीत असते आणि हेच विकर तांदळाच्या दाण्यात सापडलं असतं, तरी वाचलं असतंस का? मामावरची माया खरी आहे, पण प्रयोगशाळेतली दहा वर्षं नुसत्या मायेवर निघत नाहीत. एक गोष्ट मात्र मला तिच्या बाजूची वाटते. घरातल्या आजारपणानंतर बहुतेक मुलं म्हणतात, मी डॉक्टर होऊन बरं करीन. हिने विचारलं, हे घडतं कसं. हा प्रश्न रसायनशास्त्राचा आहे आणि तो तिला आपणहून पडलाय.

वाटांबद्दल. पुण्याच्या आयसरमध्ये, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत, पाच वर्षांचा बीएस-एमएस हा पदवी ते पदव्युत्तर सलग अभ्यासक्रम आहे. त्यासाठी आयसरची स्वतःची परीक्षा असते आणि तीत जीवशास्त्र, रसायन, भौतिक, गणित यांचे 15-15 प्रश्न येतात. इथेच तुमची अडचण आहे. गणित सोडलेल्या मुलीला एक चतुर्थांश पेपर जड जाणार. कॉलेजच्या ऑफिसात जाऊन गणित अजून घेता येतं का विचारा; नाही जमलं तर घरी शिकवणी लावा. विकरांचा वेग मोजायला लॉगरिदम आणि आलेख लागतातच, त्यामुळे हा अभ्यास परीक्षेपुरता राहणार नाही.

दुसरी वाट साधी आणि कमी खर्चाची: जवळच्या चांगल्या कॉलेजात बी.एस्सी., विषय रसायन, बायोकेमिस्ट्री किंवा मायक्रोबायोलॉजी, मग आयआयटी जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी. या वाटेला कमी लेखू नका. पुढे दोन्ही वाटा पीएचडीपाशी मिळतात. खारघरचं ॲक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र), पुण्याचं एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र), बंगळुरूचं निमहान्स (मेंदू आणि मनाच्या आजारांची संस्था) अशा ठिकाणी गाठींवर किंवा पेशींवर काम चालतं. सीएसआयआर-यूजीसी नेट या परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडं, नंतर 42,000. म्हणजे पीएचडीत घरच्यांवर भार पडत नाही, पण पक्की नोकरी लागायला तिशी उलटते. औषध कंपन्यांची संशोधन केंद्रं आणि निदान करणाऱ्या लॅब एम.एस्सी.नंतरही घेतात. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हे तुमच्या यजमानांना आत्ताच सांगून ठेवा.

तिसरी वाट तुम्ही फी भरलेलीच आहे. एमबीबीएस करून पुढे पॅथॉलॉजी घेणारे डॉक्टर हेच विकर रोज बघतात. गाठीच्या पातळ चकतीवर एक प्रतिपिंड, म्हणजे नेमकं एकच लक्ष्य ओळखून चिकटणारं प्रथिन, टाकतात. त्यात हिस्टिडिनचा तो नेहमीचा बदल असेल तर पेशी तपकिरी होतात, नसेल तर काचपट्टी निळसर राहते. मामांचा रिपोर्ट बहुधा असाच कुणीतरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून लिहिला असेल. मुलीला हे माहीत नसावं. ‘डॉक्टर नको’ म्हणताना तिच्या डोळ्यांपुढे ओपीडीतला डॉक्टर असेल. तेव्हा क्लास लगेच बंद करू नका. नीटचं जीवशास्त्र, रसायन, भौतिक आयसरलाही कामी येतं. बारावीच्या सुरुवातीला तिने ठरवावं, आणि तेव्हा तिने जे ठरवलं ते घरात मान्य व्हावं, एवढी माझी विनंती.

मे महिन्याच्या सुट्टीत तिला एक काम द्या. मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली आणा. कच्च्या बटाट्याच्या फोडीवर ते टाकलं की फेस येतो, उकडलेल्या फोडीवर येत नाही, कारण उष्णतेने आतलं विकर मोडतं. तिने शोधायचं, नेमक्या किती तापमानाला आणि किती मिनिटांनी फेस थांबतो. एकेक माप किमान पाच वेळा, तारीख-वार, वहीत. बटाटे भरपूर लागतील, ओरडू नका. वही भरली की तिने स्वतः मला पत्र लिहावं आणि आकडे पाठवावेत, चुकलेले धरून. गणिताचं मात्र सुट्टीपर्यंत थांबू नका, या आठवड्यातच कॉलेजात विचारून घ्या.