३८४ फॉर्म आणि एक पाळी

नौपाडा, ठाणे

चि. होऊ घातलेल्या डॉक्टरीणबाईंस,
अनेक आशीर्वाद.

लघु व मध्यम कारखान्यांतल्या व्यवस्थापन पद्धतींवरचा तुझा पीएचडीचा आराखडा दोनदा वाचला. एकदा चष्मा लावून आणि एकदा राग आवरून. राग तुझ्यावर नाही, त्यातल्या ३८४ या आकड्यावर आहे. निवृत्तीनंतर माझ्याकडे वाचायला आलेल्या मॅनेजमेंटच्या प्रबंधांत हा आकडा इतक्या वेळा भेटलाय की आता तो घरचाच वाटतो. बँकेचे ग्राहक असोत, नर्स असोत की प्रेस शॉपमधले कामगार, नमुना आपला ३८४. क्रेजसी आणि मॉर्गन यांनी १९७० साली एक तक्ता छापला. समूह दहा लाखांचा असेल तर किती माणसं निवडावीत, तर ३८४. तक्ता चूक नाही. पण तो पुरी यादी हाताशी असताना त्यातून चिठ्ठ्या टाकून काढलेल्या माणसांसाठी आहे. तू लिहिलंयस, ‘टीटीसी औद्योगिक क्षेत्रातील लघु व मध्यम कारखान्यांतील ३८४ कर्मचाऱ्यांकडून गूगल फॉर्मद्वारे’. यात, म्हणजे आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात, यादी कुठली आणि चिठ्ठ्या कुणी टाकल्या? व्हॉट्सॲपवर लिंक फिरवायची आणि ज्यांनी भरली त्यांची भरली, याला तो तक्ता पाठीशी घालत नाही.

हे मी शहाणपणाच्या उंचीवरून सांगत नाही. मीही हे करून बसलोय. १९९३ साली नोकरी सांभाळून संध्याकाळचा मॅनेजमेंटचा कोर्स करत होतो. प्रोजेक्टचा विषय होता कामगारांचं समाधान, आणि कारखाना माझाच, ठाणे-बेलापूर रस्त्यावरचा. ६० फॉर्म छापून दुसऱ्या पाळीच्या सुपरवायझरच्या हातात दिले. तिसऱ्या दिवशी साठच्या साठ भरून परत. मला केवढा आनंद! पानं उलटताना दिसत होतं की सगळे फॉर्म एकाच निळ्या पेनाने भरलेत, काही फॉर्मांवर वरपासून खालपर्यंत पाच, काहींवर वरपासून खालपर्यंत चार. दिसत होतं आणि मी बघितलं नाही. ‘८७ टक्के कामगार समाधानी’ असा निष्कर्ष काढला, परीक्षकांनी पायचार्टचं कौतुक केलं. पुढच्याच महिन्यात गेटवर सभा, मग अडीच महिने काम बंद.

तू ज्या क्रॉनबॅक अल्फाच्या भरवशावर आहेस ना, त्यात माझे ते ६० फॉर्म आज घातले तर आकडा झक्क येईल, ०.७ची पास व्हायची रेघ सहज ओलांडून. उत्तरं एकमेकांशी किती जुळतात एवढंच अल्फा सांगतो. ती कुणी लिहिली हे त्याला कळत नाही. एका हाताने भरलेली उत्तरं तर जुळणारच.

आता तू वाचायला हवं असं एक काम सांगतो. ते आपल्या अंगणातलंच आहे. २००८ साली अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारापूर आणि पलीकडच्या उंबरगावातल्या सुती कापड विणणाऱ्या १७ कंपन्या घेतल्या. त्यांचे मिळून २८ कारखाने. तेव्हा तारापूर ठाणे जिल्ह्यातच होतं, पालघर वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. घरच्यांनी चालवलेल्या, सरासरी २७० माणसांच्या कंपन्या. मशीनची ठरल्या वेळी देखभाल, बिघाड का झाला याची नोंद, कापडातल्या दोषांचा रोजचा हिशोब, सुताचा साठा मोजून ठेवणं, जमीन साफ ठेवणं अशा ३८ साध्या पद्धतींची यादी केली. ११ कंपन्यांना पाच महिने सल्लागार फुकट दिले, पहिला महिना निदानाचा आणि चार अंमलबजावणीचे. उरलेल्या ६ कंपन्यांना फक्त निदान. कुणाच्या वाट्याला काय, हे चिठ्ठीने ठरलं. मग आकडे गोळा करत राहिले, २०११पर्यंत. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली.

अगं, १७ कंपन्या! तुझ्या गाइडने हा आराखडा पाहिला असता तर ‘नमुना अपुरा’ असा शेरा मारला असता. पण तो निबंध २०१३ साली अर्थशास्त्राच्या फार मानाच्या नियतकालिकात छापून आला. कारण कारखाने थोडे असले तरी प्रत्येकाकडे ते वर्षानुवर्षं बघत बसले होते.

त्यातली मला सगळ्यात भावलेली गोष्ट १७ टक्क्यांची नाही. कंपनी किती मोठी होणार हे कशावर ठरतं, तर मालकाला कामाला येतील असे भाऊ आणि मुलगे किती यावर. पद्धती चांगल्या की वाईट यापेक्षा हे जास्त सांगून जातं, कारण तिजोरीची किल्ली परक्याच्या हाती द्यायला कुणी तयार नाही. रबाळ्याच्या कुठल्याही गाळ्यात जा, केबिनमध्ये बाप, स्टोअरला धाकटा भाऊ आणि डिस्पॅचला मेहुणा. आपण हे रोज बघतो आणि हसून सोडून देतो. त्यांनी ते मोजलं.

आणि मग ते सुमारे आठ-नऊ वर्षांनी परत गेले. बसवून दिलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सुटल्या होत्या. कुठे मॅनेजर बदलला होता, कुठे मालकाला वेळ उरला नव्हता. पण त्याच मालकांच्या दुसऱ्या कारखान्यांत काही पद्धती आपोआप पसरल्याही होत्या. तुझा विषय मला विचारशील तर इथेच आहे. ‘कोणत्या पद्धती आहेत’ हे सोड. कोणत्या सुटल्या, कधी सुटल्या, कोण गेल्यावर सुटल्या, हे शोध. टीटीसीत असे दोन-तीन डझन कारखाने तरी सापडतील जिथे भिंतीवर फाइव्ह एसचा, म्हणजे वस्तू जागच्या जागी आणि जागा साफ ठेवण्याच्या पद्धतीचा, बोर्ड आहे आणि बोर्डाखाली स्क्रॅपचा ढीग.

प्रश्न कसे विचारायचे, हेही यांच्याकडूनच शिकण्यासारखं. ब्लूम आणि व्हॅन रीनन यांच्या जागतिक पाहणीत मॅनेजरशी फोनवर बोलतात, १८ मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण. गुण दिले जाताहेत हे समोरच्याला सांगत नाहीत, आणि विचारणाऱ्याला त्या कंपनीच्या नफ्यातोट्याची माहिती नसते. (गुण लपवण्याची गोष्ट तुझ्या विद्यापीठाच्या नैतिकता समितीला आधी विचार, उगाच नंतर भानगड नको.) खरी खुबी प्रश्नांच्या घडणीत आहे. ‘आमच्याकडे प्रतिबंधक देखभाल होते – पूर्णतः सहमत’ असं तू विचारतेस. याला ‘नाही’ म्हणणारा मॅनेजर मी चाळीस वर्षांत पाहिला नाही. त्याऐवजी विचार, ‘शेवटचं मशीन कधी बंद पडलं? पहिलं कुणाला कळलं? मग त्याने काय केलं?’ ज्याच्याकडे पद्धत आहे तो रजिस्टर उघडेल. ज्याच्याकडे नाही तो मिस्त्रीला हाक मारेल.

रजिस्टरवरही लगेच विश्वास ठेवू नकोस. नव्या जागी रुजू झालो तेव्हा पहिल्याच आठवड्यात पाळी संपताना लाल डब्यातले रिजेक्ट नग स्वतः मोजले. एकोणीस. रजिस्टरात चार. ऑपरेटर खोटारडा नव्हता. रिजेक्शन लिहिलं की त्याच्या इन्सेन्टिव्हमधून पैसे कापले जायचे, म्हणून बाकीचे पंधरा नग संध्याकाळी स्क्रॅपमध्ये मिसळून जायचे. मग क्वालिटीच्या मीटिंगमध्ये आम्ही त्या चारांचं पृथक्करण करायचो, कारणं शोधायची फिशबोन आकृती वगैरे काढून. तू आकडा घेशील तेव्हा तो लिहिल्याने कुणाचं काय जातं, हे शेजारच्या रकान्यात लिहून ठेव.

एक हिशोब मात्र कुणाला न विचारता करता येतो. गाळ्यात शिरलीस की क्रेट मोज. समज, वेगवेगळ्या टप्प्यांवर मिळून २,००० नग पडलेत आणि रोज २५० बाहेर जातात. भागाकार कर, आठ. काम फार वरखाली होत नसेल तर एक नग सरासरी आठ दिवस त्या गाळ्यात राहतो. जॉन लिटल यांनी १९६१ साली हा संबंध गणिताने सिद्ध केला. आता त्याच नगावर प्रत्यक्ष काम किती वेळ होतं ते लेथपासून पॅकिंगपर्यंत विचारत बेरीज कर. तास भरला तरी खूप. उरलेले दिवस तो क्रेटमध्ये झोपलेला असतो आणि मालकाचे पैसे त्याच्या उशाला. हा कागद मालकापुढे ठेवशील तेव्हा तो फोन उलटा ठेवून तुझ्याकडे बघेल. प्रश्नावली दिलीस तर एचआरकडे पाठवेल, म्हणजे चुलत भावाकडे.

तुझा ‘इंडस्ट्री ४.०’चा, म्हणजे स्वयंचलित, संगणकाने जोडलेल्या कारखान्यांचा प्रकरण-आराखडा मी जरा घाईने वाचला, कबूल करतो. त्यावर एवढंच सुचवतो की अहमदाबादच्या कॅलिको मिलचा प्रयोग शोधून वाच. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे स्वयंचलित माग बसवले, उत्पादन काही हवं तसं वाढेना. संशोधक ए. के. राइस यांनी पाहिलं की कामाचे बारीक तुकडे पाडलेत आणि ठरावीक मागांची जबाबदारी ठरावीक माणसांच्या गटाकडे नाही. गट केले, तेव्हा उत्पादन वाढलं आणि कापडाची नासधूस घटली. माग तेच होते.

नमुन्याच्या यादीबद्दल सावध कर म्हणून तू लिहिलंयस. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि पहिली वसाहत आपली वागळे इस्टेट. आज तिथे जुन्या पत्त्यावर गेलीस तर कॉल सेंटर नाही तर टॉवर भेटेल. महापे, ऐरोलीकडे डेटा सेंटर. म्हणजे यादी जुनी, आणि जे कारखाने तुला भेटतील ते टिकलेले. बुडालेल्यांच्या पद्धती चांगल्या होत्या की वाईट, हे त्यांच्यातून कळणार नाही. दोन-चार बंद पडलेल्या मालकांना शोधून भेट, ते जास्त मोकळं बोलतात. दुसरं, १९४८च्या कारखाने कायद्यात वीज वापरणारा कारखाना दहा कामगारांपासून मोजला होता. त्यामुळे हजेरीपटावर नऊ आणि फ्लोअरवर बावीस असे गाळे मी भरपूर पाहिलेत, बाकीचे ठेकेदाराचे. माणसं तू स्वतः मोज, पण तो आकडा कुणाच्या नावासकट छापू नकोस. तुला चहा पाजणाऱ्याला गोत्यात आणायचं नाही.

राहिली तुझ्या कॉलेजातली मुलं. त्यांना डेटा गोळा करायला पाठवायचा विचार चांगला आहे. ओईईचं, म्हणजे मशीन क्षमतेच्या किती टक्के खरोखर कामी आलं याचं, सूत्र त्यांना झोपेत विचारलं तरी येतं, आणि प्रत्येकाच्या प्रोजेक्टात शेवटी ओईई ८५ टक्क्यांवर पोचतोच, कारण पुस्तकात ८५ लिहिलंय. मशीन बंद असताना ‘नियोजित’ लिहायचं की ‘ब्रेकडाउन’ हे कोण ठरवतं, हे मात्र एकालाही ठाऊक नसतं. ते कळायला जोडीने एकाच मशीनजवळ आठवडाभर बसव. फक्त स्टॉपवॉच खिशात ठेवायला सांग. आपल्या पट्ट्यात स्टॉपवॉच दिसलं की लोकांना नगामागचा रेट कापल्याचे दिवस आठवतात. पहिल्याच सकाळी युनियनच्या माणसाला आणि युनियन नसेल तर सगळ्यात जुन्या फिटरला भेटून, आपण कोण आणि कशासाठी आलोय, हे मुलांनी स्वतःच्या तोंडाने सांगायचं. पहिले तीन दिवस सगळे शहाण्यासारखे वागतील, ते आकडे वेगळे ठेवा. चौथ्या दिवशी कुणीतरी मुलांना चहा आणायला पाठवेल. तिथून पुढचे धरा.

रबाळ्याला माझ्या ओळखीचा एक गाळा आहे. सहा प्रेस, तीन लेथ, एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन). मालकाशी बोललोय. सोमवारी पहिली पाळी, सातची. ठाण्याहून वाशी लोकल पकड, पावणेसातला रबाळे स्टेशनबाहेर रिक्षांपाशी मी असेन. पहिला दिवस लिहायचं नाही, नुसतं उभं राहायचं. एका बाजूला, एक पाळी पूर्ण.

तुझा,
सर

ता. क. पुढून बंद बूट घाल, केस बांधून ये आणि ओढणी घरी ठेव, लेथ आहे. डबा आण, तिथलं कॅन्टीन बंद झालंय. ते का बंद झालं हे मालकाला विचारू नकोस, प्रेसवरच्या बाईंना विचार.