बारसं पुढच्या वर्षी

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई बरीच वर्षं न्यू जर्सीत आहेत, आता तिकडचेच नागरिक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका संस्थेतून ते अडीच वर्षांची मुलगी दत्तक घेताहेत. दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या 'कारा' या प्राधिकरणाचं ना-हरकत पत्र आलंय. पुढच्या महिन्यात येतील, संस्थेच्या परवानगीने तिला वाशीला आमच्याकडे आणतील आणि कागद होईपर्यंत इथेच राहतील. जावई गुजराती, मराठी मोडकंतोडकं. मी बारशासाठी सोसायटीचा हॉल विचारून ठेवलाय. लेक म्हणते, "आई, तू काही करू नकोस." मग आजीने करायचं तरी काय?
– एक होऊ घातलेली आजी, वाशी

उत्तर : आजीबाई, हॉलसाठी पैसे भरले असतील तर आजच परत मागा.

रागावू नका, ही चूक मी स्वतः केलेली आहे. १९९१ साली आम्ही लेकाला दत्तक घेऊन संस्थेतून ठाण्यात, नौपाड्यातल्या घरी आणलं, तेव्हा तो दोन वर्षांचा होता. चौथ्याच दिवशी मी हौसेने साठ माणसं जेवायला बोलावली. पोरगं कुणाच्याही मांडीवर बसत होतं, चार बायकांना 'आई' म्हणालं. सगळ्या म्हणाल्या, किती माणसात आहे हो! मीही फुलून गेले. रात्री त्याच्या उशीच्या अभ्र्यात अर्धी पुरी आणि दोन जिलब्या सापडल्या. सांभाळणाऱ्या ताया पाळीपाळीने बदलतात तिथलं मूल एवढंच शिकलेलं असतं : समोर येईल तो आपला, आणि मिळेल ते दडवून ठेवायचं. त्याला मी लळा समजले.

तुमची नातही कदाचित पहिल्याच दिवशी तुमच्या गळ्यात पडेल. तेव्हा तिला हळूच लेकीच्या हातात द्या. भरवणं, न्हाऊ घालणं, निजवणं आणि पडल्यावर उचलणं हे काही आठवडे फक्त आई-बाबांनी करायचं. तुम्ही वरणभात मऊ शिजवून वाटी लेकीच्या हातात द्यायची. आजीला हे जड जातं, मला ठाऊक आहे. पण हीच मुलगी थोड्याच दिवसांत विमानात बसून जाणार आणि तिथे तुम्ही नसणार. तोवर तिला 'माझी माणसं ही दोन' एवढं कळलं तरी पुष्कळ.

उशाशी बिस्किटांचा डबा उघडाच ठेवा. दडवते म्हणून ओरडू नका. संस्थेत ती दिवा लावलेल्या हॉलमध्ये दहा-पंधरा मुलांत झोपत असेल, तुमच्या बंद बेडरूमची शांतता तिला खायला उठेल. पहिल्या रात्री तिघांना खाली गादी घालून द्या. अंगावर आलेला फ्रॉक, कितीही कळकट असला तरी, लगेच धुऊ नका. तो वास तिच्या ओळखीचा आहे. कोल्हापूरहून येताना गाडीत पिशव्या ठेवा. गाडीची सवय नसलेली मुलं घाटात हमखास ओकतात.

तुमचं खरं काम वहीचं. ती पाण्याला काय म्हणते, शू लागली की काय म्हणते, झोपताना कुठलं गाणं मागते, हे लेकीला संस्थेतल्या ताईंना विचारायला सांगा, आणि मोठ्या अक्षरात जावयासाठी गुजरातीतही लिहून द्या. पोरगी रात्री 'मम्' म्हणून रडली आणि बाबाला कळलंच नाही, असं न्यू जर्सीत व्हायला नको. संध्याकाळी तिघांनाच मिनी सीशोअरला पाठवा. मॉलमध्ये सरकता जिना, लिफ्ट दाखवून आणू दे. विमानतळावर या गोष्टी नव्या नसल्या की निम्मं रडणं वाचतं.

कागदांचं थोडक्यात. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालय नाही, जिल्हाधिकारी देतात. तेही संस्था ज्या जिल्ह्यात आहे तिथले. म्हणजे कोल्हापूरचे. तुमच्या ठाणे जिल्ह्याच्या कचेरीत ओळख आहे म्हणून तुमचे यजमान धावपळ करणार असतील तर त्यांना घरी बसवा. कायद्याने दोन महिन्यांत निकाल लागायला हवा, पण परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा. आदेशानंतर 'कारा'चं हेग करारानुसारचं (परदेशी दत्तकासाठीचा आंतरराष्ट्रीय करार) प्रमाणपत्र, आई-बाबांची नावं असलेला जन्मदाखला, मग मुलीचा भारतीय पासपोर्ट. अमेरिकेचा दत्तक मुलांचा व्हिसा दिल्लीच्या दूतावासातून मिळतो, मुंबईत वांद्र्याच्या वकिलातीतून नाही, तेव्हा दिल्लीची एक फेरी धरून चाला. आदेश हातात येईपर्यंत तिचा फोटो कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नको. तुमच्या भजनी मंडळाच्याही नाही.

तिकडे गेल्यावर दोन वर्षं तिच्या प्रगतीचे अहवाल पाठवावे लागतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, नंतर दर सहा महिन्यांनी. त्यात तुमचं काही काम नाही.

निरोपाला विमानतळावर गर्दी करू नका. घराच्या दारातच टाटा करा. रडायचं ते गाडी वळल्यावर.

आणि बारसं? तिला नाव आहेच, तेच राहू द्या. हौस पुढच्या वर्षी भागवा, तेव्हा ती कुणाच्या मांडीवर बसायचं नाही हेही ठरवेल. मात्र तोवर ती अमेरिकन नागरिक झालेली असेल आणि आजीकडे यायलाही तिला ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) नाहीतर व्हिसा लागेल. जावईबापूंना त्या अर्जाचं आत्ताच सांगून ठेवा.