मोड नाहीत, तरी पोळी चिकट

प्रश्न : सोंगणीच्या तोंडावर आमच्या गव्हाला चार दिवस अवकाळी पावसानं झोडपलं. दाण्याला मोड दिसत नाहीत, पण कणीक पोळपाटाला चिकटते, पोळी आतून गचगचीत राहते. नाचणीला तर आम्ही मुद्दाम मोड आणून सत्त्व करतो. मग गव्हाचंच काय बिघडलं? – एक शेतकरी गृहिणी, निफाड तालुका

उत्तर : ताई, तुमचा गहू ओंबीतच जागा झालाय. मोड बाहेर दिसायच्या आधीच आतलं काम सुरू होतं. ओल मिळाली की अंकुर जिबरेलिन नावाचं संप्रेरक सोडतो. ते कोंड्याला लागून असलेल्या अल्युरॉन थरात पोचलं की तिथली अल्फा-अमायलेजची जनुकं चालू होतात. हे विकर स्टार्चच्या लांब साखळ्या मधूनच तोडत सुटतं. मग पाणी धरून ठेवणार कोण?

ही जनुकं प्रत्येक गव्हात असतात, मुख्यतः सहाव्या आणि सातव्या गटातल्या गुणसूत्रांवर. फरक पडतो तो झोपेचा, म्हणजे ओल मिळूनही दाणा न उगवता किती तग धरतो त्याचा. तांबडा दाणा सहसा जास्त गाढ झोपतो, कारण तिसऱ्या गटातली रंगाची जनुकं झोपही वाढवतात. पण आपल्याला पोळी उजळ हवी! माझी आई रेशनच्या तांबड्या अमेरिकन गव्हाला शेवटपर्यंत नाकं मुरडत राहिली.

प्रयोगशाळेत आम्ही ‘फॉलिंग नंबर’ काढायचो. ७ ग्रॅम पीठ, २५ मिली पाणी, नळी उकळत्या पाण्यात. ६० सेकंद ढवळून दांडी सोडायची. चांगल्या पिठाच्या खळीत ती तळाला जायला, ढवळणं धरून, २५० सेकंदांच्या वर लागतात. एका भिजलेल्या नमुन्यात मी घड्याळाकडे नजर वळवेपर्यंत दांडी खाली. आकडा ६२! तुम्ही घरी जुन्या आणि या गव्हाच्या पिठाची सारख्या मापानं पेज करून बघा. या गव्हाची पातळ होईल.

नाचणीत तोच पातळपणा आपल्याला हवा असतो. पेज घट्ट न होता पीठ जास्त घालता येतं, बाळाच्या इवल्या पोटात जास्त अन्न जातं.

हा गहू चांगल्यात मिसळून खपवू नका. थोडं विकरही पुष्कळ पीठ बिघडवतं. बियाण्यालाही ठेवू नका. बुरशीचा वास नसेल तर लापशी करा. गूळ मात्र हात राखून, ती आधीच गोडसर लागेल.