कोकणकन्या, मांडवी एक्स्प्रेसला एलएचबी (नव्या पद्धतीचे, स्टेनलेस स्टीलचे) डबे लागले, मग जुने निळे डबे गेले कुठे? भंगारात?

सगळे लगेच भंगारात नाही जात, ज्यांचं आयुष्य शिल्लक असतं ते आधी दुसऱ्या गाड्यांना लावतात आणि म्हातारे झालेले बरेचसे चक्क मालगाडी होतात. जुन्या आयसीएफ डब्याचं (म्हणजे त्याच निळ्या डब्याचं) आयुष्य साधारण 25 वर्षं धरतात, त्याच्या आधीच काही डबे काढून त्यांचे एनएमजी वॅगन (नव्या कार वाहून नेणारे मालडबे) बनवतात, म्हणजे सीटा-बर्थ सगळं उपटून टाकायचं, खिडक्यांवर पत्रा मारायचा, बाजूचे दरवाजे बंद आणि डब्याच्या टोकाला मोठं दार, की नव्या कोऱ्या कार एका डब्यातून पुढच्या डब्यात चालवतच नेता येतात. यार्डात बघितलंत तर बंद खिडक्यांच्या चौकटी पत्र्याखाली अजून दिसतात, त्यावरून ओळखायचं (कोलाडहून भरलेले ट्रक चढवून नेणारी रो-रो गाडी वेगळी, ते उघडे सपाट वॅगन). थोडे डबे अपघात मदत गाडीत जातात, सीएसएमटीला तर 2021 मध्ये एकाचं हॉटेल केलं. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा, वयासोबत गंजही बघतात. आयसीएफची बॉडी स्टेनलेस स्टीलची नसते, त्यात आपली कोकणातली खारी हवा आणि चार महिने पाऊस, खालून जास्त खाल्लेला डबा असेल तर तो सरळ लिलावात भंगार म्हणून.